पाळी, पांढरं पाणी आणि ‘टेन्शन’ : ताणाचा बायकांच्या नाजूक आरोग्यावर परिणाम कसा होतो?

कोगनोळी : ‘पाळी पुढं गेलीय’, ‘अंगावरनं पांढरं जातंय’, ‘कंबर लई दुखतीय’. आशाताई घरी आल्या की बायका आधी सासूच्या बीपीचं, पोराच्या खोकल्याचं बोलतात. ही खरी तक्रार बाहेर येते ती आशाताई उठून दारापर्यंत गेल्यावर, तीही हळू आवाजात. त्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नकोस’ हे एक. नाहीतर मेडिकलमधून आणलेला गोळ्यांचा कोर्स.

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. ताणामुळे पाळी, पांढरं पाणी, ओटीपोटातलं दुखणं आणि नवरा-बायकोचे संबंध यांवर परिणाम होतो, हे खरं आहे. पण म्हणून प्रत्येक तक्रार टेन्शनची नसते. तपासणी न करता ‘टेन्शन’ म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच मनाची विचारपूस न करता नुसती औषधं देणं चुकीचं. कोगनोळी, निपाणी, कागल, चिकोडी या पट्ट्यात आणि एकूणच सीमाभागात बायका दुखणं अंगावर काढतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

ताण शरीरात नेमकं काय करतो?

संकट आलं की मेंदू शरीराला तयारीचा आदेश देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, रक्तातली साखर वाढते. संकट टळलं की सगळं पूर्ववत होतं. ही व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे.

पण ताण महिनोन्महिने चालला तर? फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, नवऱ्याची दारू, मूल होत नाही म्हणून ऐकावं लागणारं बोलणं, मुलीचं लग्न, आजारी सासू-सासऱ्यांची सेवा. वर वखारीत तंबाखूचं काम, घरी विड्या वळणं, नाहीतर पंचतारांकित एमआयडीसीतली शिफ्ट. अशा वेळी शरीर सतत तयारीतच राहतं आणि तातडीची नसलेली कामं मागे ठेवतं. बीजनिर्मिती हे त्यातलंच एक काम.

पाळी का चुकते?

पाळीचं चक्र गर्भाशयातून नाही, मेंदूतून सुरू होतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक अंतराने इशारे देतो, पिट्युटरी अंडाशयाला, आणि अंडाशयातून बीज बाहेर पडतं. दीर्घ ताणात हे वरचे इशारेच मंद होतात. बीज उशिरा बाहेर पडतं किंवा पडतच नाही. त्यामुळे पाळी लांबते, कधी दोन-तीन महिने येत नाही, तर कधी आल्यावर जास्त जाते. ताणासोबत जेवण कमी झालं, वजन झपाट्याने उतरलं किंवा अंगमेहनत फार वाढली, तर हा परिणाम आणखी ठळक होतो. परीक्षेच्या काळात मुलींची पाळी पुढे जाते ती याच कारणाने. कोविडच्या काळात, जेव्हा आपल्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय पलीकडून गाडी सोडत नव्हते, त्या काळात जगभरातल्या अनेक बायकांनी पाळीचं चक्र बिघडल्याचं नोंदवलं आहे.

दोन पाळ्यांमध्ये २४ ते ३८ दिवसांचं अंतर आणि आठ दिवसांपर्यंत रक्तस्राव हे सर्वसाधारण मानतात. एखादी पाळी चार-सहा दिवस मागेपुढे झाली तर घाबरायचं कारण नाही.

मात्र पाळी चुकली की ताणाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. लग्न झालेल्या बाईने आधी गर्भधारणेची तपासणी करावी. आशाताईंकडे सरकारी निश्चय किट मिळतं. त्यानंतर थायरॉइड, पीसीओडी, रक्त कमी असणं, संततिनियमनाची गोळी किंवा इंजेक्शन, वारंवार घेतलेली तातडीची गर्भनिरोधक गोळी ही कारणं पाहावी लागतात. नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर वाट बघत बसू नये.

पांढरं पाणी : गोव्यातल्या अभ्यासाने काय दाखवलं?

योनीमार्गातून थोडा पांढरा किंवा पाण्यासारखा स्राव जाणं नैसर्गिक आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात आणि संबंधांच्या वेळी तो वाढतो. योनीमार्गात उपकारक जिवाणू असतात, ते तिथलं वातावरण आम्ल ठेवतात आणि बाहेरच्या जंतूंना रोखतात. हा स्राव म्हणजे शरीराची स्वतःची साफसफाई. ‘पांढरं गेलं की हाडं झिजतात’, ‘अंगातली ताकद जाते’ हा समज आपल्याकडे घट्ट आहे, पण त्याला आधार नाही. अशक्तपणा असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा रक्ताची कमतरता, अपुरं जेवण किंवा न संपणारं काम हेच असतं.

याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात जवळपास २,५०० बायकांची पाहणी केली. त्यांच्या तक्रारी ऐकल्या, प्रयोगशाळेत संसर्गाच्या तपासण्या केल्या आणि मनःस्थितीविषयीही विचारलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण सातांपैकी एकीने पांढरं पाणी जात असल्याची तक्रार केली होती. या तक्रारीचा सर्वात पक्का संबंध जंतुसंसर्गाशी नाही, तर चिंता, उदासी आणि अंगभर जाणवणाऱ्या दुखण्या-थकव्याशी आढळला.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. ‘हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारल्यावर तिघींपैकी एकीहून अधिक जणींनी ताण आणि मनाचा त्रास हे कारण सांगितलं. जवळपास तितक्याच जणी म्हणाल्या, अंगात उष्णता वाढलीय. संसर्ग हे कारण सांगणाऱ्या त्यांच्यापेक्षा कमी होत्या. म्हणजे बायकांना स्वतःला याचा अंदाज होता. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मनातलं दुःख सांगायला आपल्याकडे बाईला जागा नसते. ‘मला उदास वाटतंय’ म्हटलं तर ‘तुला काय कमी आहे?’ असं उत्तर मिळतं. पण ‘पांढरं जातंय’ म्हटलं तर निदान दवाखान्यात नेतात. त्यामुळे मनाचा त्रास शरीराच्या भाषेत बोलतो. याचा अर्थ बाई नाटक करते असा मुळीच नाही. त्रास खरा असतो, फक्त त्याचं मूळ दुसरीकडे असतं. अशा बाईला तपासणीशिवाय पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं, तर मूळ त्रास जात नाही आणि योनीमार्गातले उपकारक जिवाणू मात्र मरतात. मग बुरशीचा संसर्ग व्हायला वाट मोकळी होते.

ताणाचा थेट परिणामही होऊ शकतो. ताण जास्त असलेल्या बायकांत योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याचं प्रमाण काहीसं जास्त असल्याचं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. ताणामुळे प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, हे त्याचं एक संभाव्य कारण.

पण सगळंच ‘टेन्शन’ नसतं

आता दुसरी बाजू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किमान एक तरी आजार होता. याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तक्रार घेऊन बोलणाऱ्या होत्या निम्म्याहून थोड्या अधिक. बाकीच्या गप्पच होत्या. गावातल्या बायकांच्या आरोग्याचा अर्थ फक्त बाळंतपण एवढाच नाही, हे या अभ्यासानंतर जगभर मान्य झालं.

गोवा आणि गडचिरोली हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. एक सांगतो, तक्रार असली की संसर्ग असेलच असं नाही. दुसरा सांगतो, तक्रार नसली तरी आजार असू शकतो. म्हणून तपासणी हवीच, आणि तपासणीच्या त्याच भेटीत ‘घरी कसं चाललंय? झोप लागते का?’ हेही विचारलं जायला हवं.

संसर्गाच्या काही खुणा घरीही ओळखता येतात. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि भयंकर खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. तो वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्यावी. पातळ, करडा आणि माशासारखा वास येणारा स्राव जिवाणूंचा समतोल बिघडल्याचं लक्षण. पिवळा-हिरवट, फेसाळ स्राव असेल तर लैंगिक संबंधांतून आलेला संसर्ग असू शकतो. अशा वेळी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाई बरी होऊन पुन्हा आजारी पडते.

संबंधांच्या वेळचं दुखणं

हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही. बाई आईलाही सांगत नाही आणि नवऱ्याला वाटतं ती टाळते. ताणात शरीराचे स्नायू आखडतात, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडतात. मन तयार नसलं की योनीमार्गात ओलावा येत नाही. मग दुखतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी भीती वाटते, भीतीने स्नायू आणखी घट्ट होतात आणि पुन्हा दुखतं. हे चक्र आपोआप तुटत नाही. काही नवविवाहित मुलींमध्ये हे इतकं तीव्र असतं की संबंधच होऊ शकत नाहीत, आणि घरात मात्र ‘पाळणा कधी हलणार’ याची विचारणा चालू असते.

इच्छा कमी होणं हेही ताणाचं नेहमीचं लक्षण आहे. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या बाईला इच्छा नसली, तर तो तिचा दोष नाही. नैराश्यावरच्या काही औषधांनीही इच्छा कमी होते. ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, औषध बदलता येतं. औषध स्वतःहून बंद मात्र करू नये.

इथेही दुसरी कारणं तपासायची असतात. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी थांबलेल्या बाईला इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा येतो. त्यावर मलम आणि जेलसारखे साधे उपाय आहेत. एन्डोमेट्रिओसिस, गाठी किंवा ओटीपोटातला जुना संसर्ग यांनीही दुखतं. स्नायू आखडण्यावर फिजिओथेरपीने फरक पडतो. एक लक्षात ठेवा : स्नायू आधीच घट्ट असतील तर मोबाइलवर बघून ते आणखी आवळण्याचे व्यायाम करू नका. तिथे गरज असते सैल सोडायला शिकण्याची.

आणि जिथे घरात मारहाण किंवा जबरदस्ती आहे, तिथे दुखण्याचं मूळ तेच असतं. तिथे मलम-गोळ्यांच्या आधी बाईची सुरक्षितता बघावी लागते.

लघवीची जळजळ आणि कामाची जागा

शेतात, उसाच्या फडात, वखारीत स्वच्छ संडास नसतो. बायका सकाळी पाणी कमी पितात आणि दिवसभर लघवी रोखून धरतात. ‘कुठं जायचं’ हा विचार हाच मोठा ताण. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, जळजळ होते, ओटीपोट दुखतं. पाळीच्या दिवसांत एकच कापड किंवा पॅड दिवसभर राहतं, त्यामुळे त्वचा सोलवटते. या ताणाला श्वासाचा व्यायाम हा उपाय नाही. कामाच्या जागी संडास आणि पाणी मिळणं हाच उपाय आहे.

‘पिशवी काढून टाका’ हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे

दरवर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर बीड भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी येतात. या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण मोठं असल्याची चर्चा २०१९ मध्ये झाली. महाराष्ट्र सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहापैकी एकीचं. पाळीत खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो, पांढरं पाणी जातं, कंबर दुखते, आणि त्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. कामाचा आणि पैशाचा ताण थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कसा नेतो, याचं हे उदाहरण.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं, तर तरुण वयातच पाळी थांबल्याचे सगळे त्रास सुरू होतात : अंगातून वाफा येणं, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, कोरडेपणा, चिडचिड. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. त्यामुळे नुसतं पांढरं पाणी, अनियमित पाळी किंवा कंबरदुखीसाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

स्वतःसाठी काय करता येईल?

पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या महिन्यात घरात काय घडलं ते एका शब्दात शेजारी लिहा. तीन-चार महिन्यांत स्वतःलाच संबंध दिसू लागतो, आणि डॉक्टरांनाही ती नोंद उपयोगी पडते.

झोप आणि दुपारचं जेवण चुकवू नका. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कमी राहतं आणि ताणही जास्त जाणवतो. रोज दहा मिनिटं निवांत बसून किंवा पडून पोटातून सावकाश श्वास घ्या, सोडताना जबडा, खांदे, पोट, मांड्या सैल सोडा. योनीमार्ग आतून साबण, जंतुनाशक किंवा सुगंधी द्रव्याने धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे. मन मोकळं करायला एक तरी माणूस ठेवा : बहीण, जाऊबाई, बचत गटातली मैत्रीण. उदासी, रडू, झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तो स्वभाव नाही, आजार आहे, आणि त्याला उपचार आहे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

* संबंधांनंतर रक्त जाणं, किंवा पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त जाणं. ही गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरची खूण असू शकते.
* दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, किंवा तासा-तासाला पॅड बदलावं लागणं.
* घाण वासाचा स्राव, त्यासोबत ताप आणि ओटीपोटात दुखणं.
* पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखणं किंवा चक्कर येणं. लगेच दवाखाना गाठा.
* अंग बाहेर येतंय असं वाटणं.
* जीव नकोसा होणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने तक्रार नसतानाही गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही साधी, काही मिनिटांची तपासणी होते.

कुठे जायचं? सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

पहिली पायरी गावची आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे निपाणी किंवा चिकोडीचं सरकारी रुग्णालय, पलीकडे कागलचं ग्रामीण रुग्णालय. मोठ्या तपासणीसाठी बेळगावात बिम्स आणि कोल्हापुरात सीपीआर. मनाच्या त्रासासाठी कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची व्यवस्था आहे. जाण्याआधी चौकशी करून घ्यावी. वयात येणाऱ्या मुलींसाठी कर्नाटकात स्नेह क्लिनिक आणि महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक आहेत. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आपल्या भागातली आणखी एक अडचण भाषेची. नाजूक गोष्ट बाई आपल्याच भाषेत सांगू शकते, आणि समोरच्या नर्सबाईंना कन्नडच येत असेल तर ती गप्प बसते. म्हणून हे चार-पाच शब्द लक्षात ठेवा : पाळीला कन्नडमध्ये ‘मुट्टू’, पांढऱ्या पाण्याला ‘बिळी मुट्टू’, गर्भाशयाला ‘गर्भकोश’, जळजळीला ‘उरी’ आणि ताणाला ‘ओत्तड’ म्हणतात. एवढ्यावर तक्रार पोचते. तपासणीच्या वेळी सोबत बाईमाणूस हवं आणि एकांत हवा, असं सांगण्याचा प्रत्येकीला हक्क आहे.

घरच्यांसाठी दोन शब्द

नवऱ्याने, सासूने एवढंच करावं : ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याऐवजी ‘कशाचं टेन्शन आहे?’ असं विचारावं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावं. हप्ता कसा भागवायचा, म्हाताऱ्यांचं कोण बघणार, पोरांना शाळेत कोण सोडणार, यातलं एखादं ओझं जरी दुसऱ्याने उचललं तरी तो उपचाराचाच भाग आहे. आणि दवाखान्यात जायचं म्हटल्यावर ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणू नये. सुगी दरवर्षी येते, पण वेळेत न सापडलेला आजार वाट बघत नाही.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)